कान्हेरीच्या वाटेवरचे चित्रकार

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटर. रविवारी सकाळी या रस्त्यावर सायकलवाले असतात, डबे घेतलेली कुटुंबं असतात आणि खांद्याला ड्रॉइंग बोर्ड अडकवलेली चित्रकलेची मुलंही असतात. या मुलांचं घराणं सव्वादोनशे वर्षांहून जुनं आहे.

1793 मध्ये टॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे कान्हेरीला आले. त्यांच्या त्या मुंबईभेटीतला सोबती होता जेम्स वेल्स, सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं रंगवणारा स्कॉटिश चित्रकार. वेरूळची लेणी कागदावर उतरवणारा गंगाराम तांबट पुण्यात त्याच्याबरोबर काम करत असे. 1795 मध्ये साष्टीतली लेणी रेखाटण्याच्या कामात असतानाच वेल्स ठाण्यात वारला. त्यानं टिपलेली मुंबईची बारा दृश्यं 1800 मध्ये छापून आली, तेव्हा ती पाहायला तो नव्हता. उपनगरात त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, याची खंत वाटते.

कान्हेरी रंगवणं सोपं नाही. श्रावणात हिरव्याच्या इतक्या छटा एकमेकींना खेटून उभ्या राहतात, की कुठली आधी लावावी ते कळत नाही. काळा बसाल्ट भिजला की आरशासारखा चकाकतो. चैत्रात तोच खडक करडा, रुक्ष होतो. दोन कड्यांमधला ओढा जूनपर्यंत नुसती दगडांची रांग असते आणि मग एका रात्रीत गढूळ पाणी धावू लागतं. खोदीव पायऱ्यांवर शेवाळ चढतं. कागद दमट होतो, जलरंग वाळतच नाही.

वरच्या अंगाला 34 क्रमांकाचं लेणं आहे. त्याच्या छतावर बुद्धाचं चित्र आहे, फिकट आणि अर्धवट. ते कुणी काढायला घेतलं, का सोडलं, याची नोंद नाही. मान मोडेपर्यंत वर पाहावं असं आहे. या वाटेवरचा पहिला चित्रकार तो अनामिकच मानावा. उद्यानातल्या पाड्यांवर राहणाऱ्या वारल्यांची चित्रकलाही याच डोंगरझाडांची. तिलाही इथे मानाची जागा हवी.

जर्मनीत एल्बे नदीकाठच्या डोंगरांत कास्पार डाविड फ्रीडरिशसारख्या चित्रकारांच्या पावलांवरून शंभराहून अधिक किलोमीटरची ‘चित्रकारांची वाट’ आखलेली आहे. बोरिवलीला अशा वाटेसाठी सहा-सात किलोमीटर पुरेत: जिथून चित्र काढलं गेलं, तिथे त्या चित्राची प्रत आणि बसायला एक दगड. वन विभाग, पुरातत्त्व खातं आणि जे. जे. कला महाविद्यालय यांनी मिळून हे मनावर घ्यावं.

तोवर वही-पेन्सिल घेऊन आपणच जावं. सोमवारी मात्र उद्यान बंद असतं.