वावर तिचे, सातबारा मुलाचा

विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेत पहिली ठळक घटना म्हणून जिचा उल्लेख नेहमी होतो, ती वर्धा शहराजवळ दत्तपूर येथे १९ मार्च १९८६ रोजी घडली. यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी तेथे पत्नी आणि मुलांसह जीवन संपवले, आणि किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून गेली काही वर्षे या दिवशी अन्नत्याग केला जातो. त्या घटनेत घरातले मागे कोणी उरलेच नव्हते. नंतरच्या बहुतेक घटनांत मात्र मागे एक बाई उरली, घर, देणे आणि दोन-चार एकर कोरडवाहू वावर तिच्याकडे आले, आणि मृताच्या कर्जाचा हिशेब ज्या बारकाईने मांडला गेला त्या बारकाईने तिचा हिशेब फारसा कोणी मांडला नाही. तिच्याविषयी लिहिताना ‘धीराची बाई’ हे विशेषण इतके हाताशी असते की तिला नेमके कशाशी झगडावे लागते हा प्रश्न त्याखाली झाकला जातो.

हा झगडा कष्टांशी आहे असे समजणे वस्तुस्थितीला धरून नाही. वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी या तालुक्यांतील कपाशीची टोबणी, निंदण आणि वेचणी ही कामे पूर्वापार बायकांचीच आहेत. कमरेला बांधलेल्या फडक्याच्या ओट्यात कापूस भरत पऱ्हाटीच्या ओळीतून वाकून चालताना वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी नखांच्या मुळाशी चिरा पडतात, आणि नवरा हयात असतानाही त्या पडतच होत्या. नवरा गेल्यावर नवीन येतो तो व्यवहार, म्हणजे कृषी केंद्रातील बियाण्या-खताची उधारी, बाजार समितीतील माल, बँकेतील पीककर्ज आणि तलाठी कार्यालयातील फेरफार, ज्यांपैकी एकाही ठिकाणी तिला तोवर कोणी नावाने ओळखत नसते. कापूस हमीभावाने खरेदी केंद्रावर घालायचा असेल तर पीकपेऱ्याची नोंद असलेला सातबारा लागतो. तो नसेल तर गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला तो देईल त्या भावाने माल द्यावा लागतो. तेव्हा तिच्या चिकाटीचा खरा कस कागदापाशी लागतो.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ अन्वये मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे सर्व प्रथम वर्गाचे वारस ठरतात, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार वारसाहक्काने आलेल्या जमिनीची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यावयाची असते. प्रत्यक्षात जमीन बहुधा सासऱ्याच्या नावावर असते किंवा एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून भासऱ्याचे, म्हणजे थोरल्या दिराचे, नाव लागलेले असते. शिवाय वारस ठरलेली सासू अनेकदा स्वतःच विधवा असते, त्यामुळे एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोन विधवांचे हितसंबंध एकमेकींसमोर उभे राहतात, ही गुंतागुंत दोघींना सरसकट सोशीक ठरवणाऱ्या लेखनात येत नाही.

काही सातबाऱ्यांवर तिचे नाव आढळते, पण अज्ञान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ या शेऱ्यासह. ‘अज्ञान पालनकर्ता’ असा या अक्षरांचा विस्तार आहे. म्हणजे जमीन मुलाची, आणि तो सज्ञान होईपर्यंत आई तिची केवळ राखणदार. पूर्व आफ्रिकेतील मासाई या पशुपालक समाजात विधवेच्या घराच्या वाट्याची गुरे परंपरेने तिच्या मुलांची मानली जातात, दूध काढण्याचा अधिकार तिचा, मालकी मुलांची, आणि ही रीत वर्ध्याच्या वाचकास परकी वाटण्याचे कारण नाही. फरक इतकाच की वर्ध्यात कायदा विधवेला स्वतंत्र वाटा देतो, तरी अनेक घरांत तो नोंदीपर्यंत पोचत नाही. मुलगा अठरा वर्षांचा झाला की हा शेरा कमी करण्याचा अर्ज दिला जातो, आणि ज्या वर्षांत तिने ते वावर टिकवून धरले त्यांची दुसरी कोणतीही खूण सातबाऱ्यावर राहत नाही.

सरकारी मदतीची तऱ्हाही निराळी नाही. जून २००६ च्या अखेरीस तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, आणि त्यानंतर वर्धा धरून सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. राज्याच्या योजनेत आत्महत्याग्रस्त कुटुंबास एक लाख रुपये मिळतात, पैकी ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. मात्र त्यासाठी मृत्यू ‘पात्र’ ठरावा लागतो, म्हणजे नापिकी, बँकेचे, सहकारी संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे थकलेले कर्ज आणि वसुलीचा तगादा यांचा पुरावा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे यावा लागतो. कृषी केंद्राची उधारी आणि नातलगांचे हातउसने पैसे या व्याख्येत बसत नाहीत. नवऱ्याने किती देणे करून ठेवले हे अनेकींना तेराव्यानंतर, घेणेकरी दारात आल्यावरच कळते, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावरच येते.

महिला किसान अधिकार मंचाने विदर्भ-मराठवाड्यातील ५०५ शेतकरी विधवांच्या केलेल्या आणि २०१८ मध्ये पुढे आलेल्या पाहणीत सुमारे ४० टक्के स्त्रियांना नवरा कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळालेला नसल्याचे आढळले. या स्त्रियांच्या मागण्यांचा पाठपुरावा झाल्यावर जून २०१९ मध्ये अशा स्त्रियांच्या वारस नोंदी व योजनांचे लाभ प्राधान्याने देण्याविषयी शासन निर्णय निघाला. त्याच सुमारास वर्ध्याचे रंगकर्मी हरीश इथापे यांनी श्याम पेठकर यांचे ‘तेरवं’ हे नाटक या स्त्रियांनाच रंगमंचावर उभे करून सादर केले होते. त्यातील वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाल्याने निर्माण झालेल्या पेचातून ही निवड झाली, हे विसरून चालणार नाही. साहित्याच्या व्यासपीठाला शेतकरी विधवेची आठवण त्या अडचणीतच झाली.

शेतीचा निर्णय तिच्या हाती आल्यावर ती काय पेरते, याकडे मात्र अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे. वर्ध्याच्या चेतना-विकास या संस्थेने अल्पभूधारक शेतकरी स्त्रियांबरोबर काम करताना कपाशी-सोयाबीनच्या जोडीला ज्वारी, तूर, मूग, उडीद, भाजीपाला अशी घरात खाता येणारी पिके घेण्यावर भर दिला आहे. त्यामागे बाजारावरचे अवलंबन आणि रोख खर्च दोन्ही कमी करण्याचा विचार आहे, आणि घरातल्या डब्यांत किती धान्य उरले हे रोज पाहणाऱ्या बाईला तो पटवून द्यावा लागत नाही. अडसर वेगळ्याच ठिकाणी येतो. कृषी केंद्राची उधारी सहज मिळते ती कपाशी-सोयाबीनला, आणि मक्त्याने, म्हणजे ठरावीक रोख रकमेवर, घेतलेल्या वावरात मालकाचे पैसे चुकवायला रोखीचेच पीक लागते. ज्वारीच्या कणसांवर दिवसा पाखरे आणि रात्री रानडुकरे व रोही येतात, त्यामुळे पीक भरात असताना जागल, म्हणजे मचाणावर रात्रभर राखण, करावी लागते. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासच्या गावांत तर तिथे वाघाचीही धास्ती असते. लहान मुलांना घरी ठेवून एकटी बाई जागलीला जाऊ शकत नाही, मजुरीवर राखणदार लावणे परवडत नाही, आणि भासऱ्याला सांगावे तर त्याचा हक्क पुन्हा वावरात शिरतो. म्हणून अनेक घरांत ज्वारी पेरायची इच्छा असूनही शेवटी कपाशीच लागते, तुरीची दोन-चार तासे तेवढी मधून पेरली जातात, आणि खाण्याचे धान्य रेशनच्या दुकानातून येते.