नीमचच्या शिवारात

इंदूरहून रतलाममार्गे निघून मंदसोर मागे टाकले, की काळ्या मातीत पांढऱ्या फुलांचे चौकोन दिसू लागतात. अनभिज्ञ प्रवाशाला ती एखाद्या हौशी माळ्याची बाग वाटावी. वस्तुतः ती अफूची शेती. शिंदेशाहीतल्या या मुलखात १९३९ साली आजच्या केंद्रीय राखीव पोलीस दलाचा जन्म झाला. परंतु नीमचची खरी ख्याती आहे ती सरकारी अफू कारखान्याची.

परवान्याला येथे पट्टा म्हणतात व क्षेत्र आरीत मोजतात. शंभर चौरस मीटरांची एक आरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी हिरव्या बोंडांना चिरे देतात, रात्रभर चीक पाझरतो आणि सकाळी तो खरवडून घेतात. तो सारा सरकारलाच द्यावयाचा. मॉर्फीन व कोडीन ही औषधे त्यातूनच निघतात. पोपटांना मात्र पट्टा लागत नाही. ते बोंडे खुशाल कुरतडून नेतात.

माळव्यात आणि मेवाडात अफूला ‘अमल’ म्हणतात. आपला ‘अंमल’ तोच, राजाचाही आणि नशेचाही. सोयरीक जुळली, तंटा मिटला, पाहुणा आला, की पाण्यात घोळलेले अमल तळहातावरून पाजण्याची येथे जुनी चाल. व्यसन या घरांत चोरपावलांनी शिरले नाही, मानपानातून आले. अशा ठिकाणी वडीलधाऱ्या माणसाला ‘अफीमची’ म्हणून हिणवले, की पुढचे बोलणेच खुंटते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी उतरलो होतो. त्याचे वडील सत्तरीचे. जेवताना सुनेच्या व नातवंडांच्या देखत तो म्हणाला, “माट्साब, तुमचे ऐकतील. जरा समजवा यांना.” म्हाताऱ्याची मान खाली गेली. मी विषय बदलून पिकाची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघेच शेतावर गेलो. बांधावर बसून ते चिऱ्याची खोली, ढगाळ हवेची धास्ती असे पुष्कळ सांगत राहिले. मग आपणहूनच म्हणाले, की तरुणपणी हंगामात कंबर धरली तेव्हा पहिली गोळी घेतली होती. ‘का घेतली’ हे मी विचारलेच नाही. त्या प्रश्नात न्यायालयाचा वास येतो. विचारले ते इतकेच, “बासाब, न घेतली तर काय होते?”

“जांभया येतात, डोळे-नाक वाहते, पोट बिघडते. रात्रभर पाय तुटतात. मुलगा म्हणतो, तुमच्यात निर्धारच नाही.”

निर्धाराचा हा प्रश्नच नव्हे. वर्षानुवर्षे अफूला सरावलेले शरीर ती तुटताच असेच बंड करते. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवावी लागते. शेजारच्या राजस्थानात एप्रिल २०१६ पासून डोडाचुऱ्याची परवानाधारक दुकाने बंद झाली, तेव्हा सवयीच्या माणसांसाठी सरकारला शिबिरे भरवावी लागली. पुण्याच्या मुक्तांगणात, १९८६ पासून चाललेल्या त्या केंद्रात, उपचारार्थ आलेल्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. शब्द साधा आहे, पण माणसाला उंबरठा ओलांडायला तो बळ देतो. मुलाला मी नंतर एवढेच सांगितले, की डबी लपवू नकोस, चारचौघांत विषय काढू नकोस, आणि १४४४६ या शासकीय मोफत दूरध्वनीवर आधी तू स्वतः विचारून घे.

म्हाताऱ्याची खरी भीती वेगळीच होती. “दवाखान्यात नाव लिहिले, तर पोलीस येतील? पट्टा जाईल?” पट्ट्याबद्दल मला ग्वाही देता येईना, तशी मी दिलीही नाही. मात्र १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील ६४-अ हे कलम समजावून सांगितले: सेवनाचा किंवा अल्प साठ्याचा आरोप असलेला व्यसनी आपणहून सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचारास आला व त्याने ते पूर्ण केले, तर त्या गुन्ह्याच्या खटल्यापासून त्याला संरक्षण आहे. त्यांनी ते दोनदा वदवून घेतले.

बऱ्याच वेळाने म्हणाले, “चीक काढून झाला की जाईन. मुलाला तुम्ही बोलू नका, मीच सांगेन.” आणि पोपट हाकायला उठले.