एकेरी तेरडा

मधमाश्या-फुलपाखरांसाठी अंगणात काय लावू, असं कुणी विचारलं की मी तेरडा सांगते. सह्याद्रीच्या पायथ्याला, ओहोळाच्या काठी, झाडांच्या विरळ सावलीत पावसाळाभर फुलणारा, गुलाबी, एकेरी पाकळ्यांचा. त्याचं रोप विकत आणावं लागत नाही. बी मात्र वेळेवर धरावं लागतं.

बागेत मिळणारा दुहेरी, गुलाबासारखा भरगच्च तेरडा याच जातीचा आहे. पण त्यात पुंकेसरांच्या जागीही पाकळ्या आलेल्या असतात आणि त्या गर्दीत माशीची वाट बुजते. माणसांनी तो स्वतःच्या डोळ्यांसाठी निवडत निवडत वाढवला. एकेरी फुलाची बांधणी माशीच्या मापाची आहे. मागच्या बाजूला एक वाकडी, पोकळ सोंड असते, मकरंद तिच्या आत. खालच्या पाकळ्यांवर उतरून माशी डोकं आत घालते, तेव्हा छताला चिकटलेले पाच परागकोश तिच्या पाठीला घासतात. पुढे या परागकोशांची टोपी सबंध गळून पडते आणि नेमक्या त्याच जागी खालचा स्त्रीकेसर उघडा होतो. आता दुसऱ्या फुलातून पराग घेऊन आलेल्या माशीची पाठ तिथे टेकते. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, ते फूल एवढ्याशा आयुष्यात आधी नर आणि मग मादी होऊन जातं! मला वनस्पतिशास्त्रात याहून देखणी रचना फार थोडी दिसली आहे.

बी धरण्याचं कौशल्य शेंगेच्या स्वभावात आहे. पिकलेली शेंग बोट लागताच फुटते, तिच्या पाच फाका गुंडाळल्या जातात आणि बिया दूर उडतात. म्हणून फुगलेली, हिरवेपणा फिका होऊ लागलेली शेंग आधी मुठीत झाकायची, मगच देठापासून तोडायची. किंवा फांदीला मलमलीची पिशवी सैल बांधून ठेवायची. बी तपकिरी हवं. पांढरं असेल तर ते कच्चं. सावलीत वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवून वर गावाचं नाव लिहा. बी शक्यतो जवळच्याच रानातलं, रस्त्याकडेचं घ्या. कासच्या पठारावर जो गुलाबी गालिचा दिसतो, तो तेरड्याच्या वेगळ्या जातीचा आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलेल्या त्या पठारावरून काहीही उचलू नका. अंगणात दुहेरी तेरडा असेल तर एकेरी दूर लावा, नाहीतर माश्याच दोघांचं मिश्रण करून टाकतात.

कोकणात गौर तेरड्याची. मुळांसकट उपटलेली रोपं घरात येतात, आणि ती यावीतच. पण भाद्रपदात झाडावर फुलं असतात, बहुतेक शेंगा अजून कोवळ्या. दाटीतली रोपं विरळ करून घेतली आणि कडेची राखली, तर पुढच्या वर्षीच्या गौरीची सोय होते. जिथे एका ओहोळाकाठची सगळीच रोपं बाजारात जातात, तिथलं बी संपत जातं. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ही रीत आणि हे झाड एकमेकांना सहज सांभाळू शकतात.

पेरणी पहिल्या पावसानंतर. बी खोल पुरायचं नाही. भुसभुशीत मातीवर टाकून वरून बोटभरसुद्धा नको, नुसता मातीचा हात फिरवायचा. रोपं दाट उगवली तर वीतभर अंतरावर विरळ करा. खोड पाणीदार असतं, तुंबलेल्या पाण्यात ते सडतं, म्हणून थोडा उतार बघा. भर उन्हापेक्षा आंब्या-फणसाची कवडशाची सावली त्याला मानवते.

आणि अंगणाचा एक कोपरा फरशीशिवाय सोडा. निळ्या पट्ट्यांच्या ज्या माश्या लांब जिभेने तेरड्याचा मकरंद पितात, त्या पोळं करत नाहीत. एकेक मादी मातीत किंवा मातीच्या भिंतीत आपलं बीळ खणते. पानांवर शेपटाला काटा असलेली, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली जाड अळी दिसली तर औषध मारू नका. ती एका पतंगाची असते, चावत नाही, डसत नाही. दोन-चार झाडांची पानं ती खाईल, तेवढी बाकीच्यांत भरून निघतात.