आत की बाहेर

वृषणाची गाठ बघताना मी हात आधी चांगल्या बाजूला लावतो. त्या माणसाचं वृषण केवढं, किती घट्ट, हे बोटांना कळल्याशिवाय दुसऱ्या बाजूचा अर्थ लागत नाही. मग अंगठा आणि दोन बोटांत गाठीची बाजू हलकेच फिरवायची. पुढून गुळगुळीत, मागं एपिडिडिमिसचा मऊ पट्टा, वर सुतळीसारखी रेतवाहिनी. गाठ वृषणाच्या आत की बाहेर, यावर पुढचं सगळं ठरतं. आतली घट्ट गाठ तपासणीत साधी ठरेपर्यंत कॅन्सरच धरायची. बाहेरची मोठ्या माणसात बहुधा साधी निघते.

पण बोटं तिथवर पोचायला हवीत. आमच्या धाराशिव जिल्ह्यात माणूस कंबरदुखी सांगत येतो. केसपेपर लिहून होतो, बायको औषधं आणायला बाहेर जाते, तेव्हा दाराकडं बघत म्हणतो, "साहेब, खाली एक गोटी आलीय." भूम-परंड्याकडचे ऊसतोड कामगार तर कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गावी येईपर्यंत दाखवत नाहीत. उचल घेतलेली असते, टोळी सोडून येणार कसं? तोवर मनानं कॅन्सर ठरवून रात्री काढलेल्या असतात. म्हणून तपासता तपासता मी बोलत राहतो. गप्प डॉक्टरची त्यांना फार भीती वाटते.

पुष्कळांना नुसतं पाणी झालेलं असतं. अंधारात टॉर्च लावला की उजेड आरपार येतो. एखाद्याला मात्र एपिडिडिमिसच्या खालच्या टोकाला वाटाण्याएवढी टणक, न दुखणारी गाठ लागते. ही बहुतेक ॲडिनोमॅटॉइड ट्यूमर. एपिडिडिमिसच्या गाठींत हीच सर्वांत जास्त आढळते. सहसा दोन सेंटिमीटरच्या आत राहते, पसरत नाही. तरी सोनोग्राफी आणि रक्तातल्या एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच या तपासण्या सोडायच्या नाहीत. बाहेरची गाठही झपाट्यानं वाढत असेल, किंवा पेशंट लहान मूल असेल, तर सार्कोमाची शंका घ्यावीच लागते. उलट, वृषणाच्या आतली एपिडर्मॉइड सिस्ट निरुपद्रवी असते. सोनोग्राफीत तिच्यात एकाआत एक कडी दिसतात. असा पेशंट मी फ्रोझन सेक्शनची, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच गाठ तपासायची, सोय असेल तिथं पाठवतो. टेबलावरच उत्तर मिळालं तर वृषण वाचू शकतं.

शंका असली की चीर जांघेतच घ्यायची, खाली पिशवीवर कधीच नाही. वृषणाची लसिका पोटात महाधमनीजवळच्या गाठींकडं जाते, पिशवीच्या कातडीची जांघेत. गाठ कॅन्सरची निघाली तर चुकीच्या चिरेनं त्याला नवी वाट मिळते. वृषण जांघेतून वर घेतलं, आवरण उघडलं, की एपिडिडिमिसवरची ती पांढुरकी, चकचकीत गाठ दिसते. रक्तवाहिन्या जपत ती कडेनं सोडवायची. नीट कड सापडली तर जवळपास रक्तस्राव होत नाही. मग गाठ फॉर्मेलिनमध्ये आणि वृषण जागच्या जागी.

शेजारच्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू आहे. आमचे परंडा आणि भूम हे तालुके तिच्यात येतात. आमच्याच जिल्ह्यातल्या एक लाखाहून अधिक स्त्रियांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या अभ्यासात भाग घेतला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं मृत्यू घटतात, हा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या बायका इतक्या पुढं आल्या. पुरुषांनी लाजून मागं राहावं, याचं मला वाईट वाटतं.

नोंदणीत कॅन्सर येतो, या साध्या गाठी येत नाहीत. म्हणून मी वही ठेवली आहे: बाजू, आकार, किती महिने अंगावर काढली, मग सोनोग्राफी, शेवटी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. आत की बाहेर हा बोटांचा अंदाज मात्र पेशंट टेबलावरून उतरायच्या आत लिहितो, सोनोग्राफीची चिठ्ठी देण्याआधी.