क्षयरोग्यांच्या अंगणात ताडाची सावली

इंग्लंड म्हटलं की धुकं नि लोकरीचे कोट आठवतात, हो ना? पण मैत्रिणींनो, तिथल्या आइल ऑफ वाइट बेटावर, व्हेंटनर गावी समुद्रालगतच्या बागेत ताडाच्या जातीची झाडं चक्क उघड्यावर वाढतात! पाठीशी खडूच्या टेकड्या. उत्तरेचा बोचरा वारा तिथेच अडतो.

या उबेसाठीच १८६९च्या सुमारास इथे क्षयरोग्यांचं इस्पितळ झालं. संस्थापक डॉ. आर्थर हिल हॅसल. चहा-कॉफीतली भेसळ सूक्ष्मदर्शकाखाली पकडणारे तेच हे! (आपण गृहिणींनी तर त्यांचे आभारच मानावेत.) ते स्वतःही छातीच्या दुखण्यामुळेच इथे आले होते. प्रत्येक रोग्याला दक्षिणेकडे तोंड असलेली स्वतंत्र खोली. रोगावर खात्रीचं औषध नव्हतंच; ऊन, हवा आणि वाट पाहणं. कितीजणी या खिडक्यांतून समुद्र बघत घरच्या पत्राची वाट पाहत असतील!

पुढे स्ट्रेप्टोमायसीनसारखी औषधं आली, खाटा रिकाम्या झाल्या. १९६४मध्ये इस्पितळ बंद पडलं, १९६९मध्ये पाडलं. १९७०पासून सर हॅरॉल्ड हिलियर यांनी तिथे बाग उभी केली. आज न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेची झाडं तिथे सुखाने नांदताहेत. भिंतींवर सरडेही ऊन खात बसतात.

कधी गेलात तर पोर्ट्समथहून बोट मिळते. शाल मात्र घ्याच, बोटीवर गारठा असतो.