धानाच्या बांद्या आणि विजेची बोडी

धानाच्या मुलखात बोडी कशाला म्हणतात हे तुम्हाला सांगायला नको. पावसाचे पाणी अडवून ठेवायचे आणि निसवणीच्या वेळी पावसाने दगा दिला की ते पाटाने बांधीत सोडायचे, एवढे तिचे काम. आता विजेचीही बोडी निघाली आहे. तिला बॅटरी साठवण केंद्र म्हणतात. आमच्या भागातल्या एका गावी सबस्टेशनला लागून असलेल्या बारा एकर बांद्या अशा केंद्रासाठी भाड्याने मागायला माणसे येऊन गेली. गावकरी विचारू लागले, "साहेब, हे प्रकरण आहे तरी काय?" नुसते कागद वाचून उत्तर देण्यापेक्षा एकदा डोळ्यांनी पाहून यावे, म्हणून गेल्या माघात मी राजनांदगावला जाऊन आलो. चला, तुम्हालाही ती फेरी घडवतो.

गोंदियाहून हावड्याच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत बसले की राजनांदगाव साधारण दीड-दोन तासांवर आहे. आमगाव, सालेकसा मागे पडते, दरेकसाचे जंगल सुरू होते, गाडी बोगद्यात शिरते आणि बाहेर येऊन थोडे पुढे गेली की बोरतलावला छत्तीसगड लागते. डोंगरगडला डोंगरावरच्या बम्लेश्वरीचे देऊळ खिडकीतून दिसते. नवरात्रात आपल्याकडची कितीतरी कुटुंबे हजारावर पायऱ्या चढून तिच्या दर्शनाला जातात. राज्य बदलले तरी शेत बदलत नाही. त्याच बांद्या, धुऱ्यांवर तीच तूर आणि धान निघालेल्या बांद्यांत उतेऱ्याची तीच निळ्या फुलांची लाखोरी.

राजनांदगाव हे जुने संस्थानी गाव. राणीसागर तलावाच्या काठी दिग्विजय महाविद्यालय आहे. हिंदीतले थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून तिथे शिकवत होते. ते मराठी घरातले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत कवी व कादंबरीकार म्हणून नावाजले. वेळ असेल तर तलावाकाठी घटकाभर बसावे, अशी ती जागा आहे.

मला मात्र गावाबाहेर जायचे होते. या जिल्ह्यात १०० मेगावॉटचा सौर प्रकल्प आणि त्याला जोडून बॅटरी साठवण उभी आहे. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी तिचे उद्घाटन केले. खर्च सुमारे ९०० कोटी रुपये. आपल्या देशातल्या पहिल्या मोठ्या बॅटऱ्यांत तिची गणना होते. आत जायला परवानगी लागते, म्हणून मी कुंपणाबाहेरूनच पाहिले. सौर तक्त्यांच्या रांगा नजर पोचेपर्यंत गेलेल्या. बॅटऱ्या म्हणजे मालगाडीच्या डब्यासारख्या लोखंडी पेट्या, ओळीने मांडलेल्या. त्यांना थंड ठेवायला वातानुकूलन यंत्रे चालतात. जवळ गेलो तर त्यांची घरघर ऐकू येते.

तिकडचा शेतकरी जमिनीचे चार प्रकार मोजतो: भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. आपण बरडी, सिहार, मोरंड आणि कन्हार म्हणतो. भाटा म्हणजे आपली बरडी, लाल मुरमाची, पाणी न धरणारी. कोदो-कुटकीपलीकडे तिच्यात फारसे काही येत नाही. चहाच्या टपरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारले, "अशा कारखान्यासाठी तुमची जमीन मागितली तर?" तो हसून म्हणाला, भाटा मागाल तर आजच घ्या, कन्हार मागाल तर मुलाला विचारावे लागेल, आणि मुलगा देतो म्हणाला तर सुनेला विचारावे लागेल. मला वाटते, या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्याने तिथेच दिले.

आता ही बोडी चालते कशी ते पाहू. सूर्याची वीज दुपारी भरपूर, पण दिवेलागणीला मागणी वाढते तेव्हा सूर्य मावळलेला असतो. दुपारची वीज साठवून संध्याकाळी द्यायची, हे बॅटरीचे काम. राजनांदगावची बॅटरी ४० मेगावॉटची असून तिच्यात १२० मेगावॉट-तास, म्हणजे १ लाख २० हजार युनिट मावतात. ५ अश्वशक्तीचा पंप तासाला चार-साडेचार युनिट खातो असे धरले, तर नऊ-दहा हजार पंप तीन तास चालतील एवढी ती वीज. म्हणजे ही वस्तू निरुपयोगी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने अशा साठवणीला अर्थसाह्य देण्याची योजनाही मंजूर केली. तेव्हा सबस्टेशनजवळच्या जमिनींना पुढेही विचारणा होत राहणार.

मागणारे सबस्टेशनच्या शेजारची जमीनच का मागतात? कारण तारा लांबवर न्यायला खर्च येतो. जागाही सौर प्रकल्पाच्या मानाने फार थोडी लागते. पण एक फरक लक्षात घ्या. सौर तक्ते खांबांवर असतात, खाली गवत तरी उगवते. बॅटरीच्या पेट्यांचे वजन कित्येक टन. त्यांच्यासाठी वरची माती खरडून मुरूम दाबतात, सिमेंटचे ओटे बांधतात. बांधीची चिखलणी करून करून पिढ्यान्‌पिढ्या जो पाणी धरणारा थर तयार झाला, तो एकदा फुटला की भाडेपट्टा संपल्यावर जमीन परत मिळेल, पण बांधी परत मिळणार नाही.

दुसरी गोष्ट आगीची. १६ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग येथे मोठ्या बॅटरी केंद्राला आग लागली. हजाराहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली, हमरस्ता बंद ठेवावा लागला. शेजारच्या खाडीच्या दलदलीत संशोधकांना निकेल, मँगनीज व कोबाल्ट हे धातू आगीपूर्वीपेक्षा वाढलेले आढळले. तिथल्या बॅटऱ्या जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत एकत्र दाटीने ठेवलेल्या होत्या. आता उघड्यावर, अंतर सोडून पेट्या ठेवण्याची पद्धत आहे, आणि लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटऱ्या निकेलच्या बॅटऱ्यांपेक्षा सहसा कमी पेट घेतात. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही, पण विचारून घेण्याचे आहे. आपल्याकडे पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरते. आग विझवायला मारलेले पाणी कुठे जाईल? त्यासाठी वेगळे टाके असेल का? हा प्रश्न जमीन देणाऱ्यापेक्षा त्याच्या खालच्या शेजाऱ्याने आधी विचारावा.

भाड्याचे बोलायचे तर, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरवली गेली. एकरी ते पन्नास हजार होतात. हा दर सौर प्रकल्पाचा आहे, बॅटरीला तो आपोआप लागू होतो असे समजू नका. मात्र बोलणी करताना माप म्हणून हाताशी ठेवा. आपल्या बांधीचा हिशेबही मांडा. धान, तणस, लाखोरी, धुऱ्यावरची तूर, सारे धरा. तणस विकत घ्यावी लागली की गोठ्याचा खर्च वाढतो, हे घरच्या बाईला नेमके ठाऊक असते.

कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी मागा. बॅटरी कोणत्या जातीची? भाडेपट्टा पंचवीस-तीस वर्षांचा असतो आणि बॅटरी त्याच्या निम्म्या काळातच थकते, तर जुन्या पेट्या कोण नेणार? मुदत संपल्यावर ओटे उखडून माती पसरून देण्याची जबाबदारी कोणाची, आणि त्यासाठीची रक्कम आजच बँकेत ठेवणार का? कंपनीने प्रकल्प दुसऱ्याला विकला तर भाडे कोण देणार? अकृषिक आकारणी कोण भरणार? खरडलेली वरची माती वेगळी रचून ठेवणार का? तोंडी आश्वासनाला सातबाऱ्यावर जागा नसते. करार नोंदणीकृत असावा आणि आधी वकिलाच्या नजरेखालून जावा. सातबाऱ्यावर आईचे, बहिणीचे नाव असेल तर त्यांना सहीच्या दिवशी नव्हे, पहिल्या बोलणीच्या दिवशी बसवा.

आणि ज्यांचे नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही, त्यांचे काय? बारा एकर धानाची रोवणी म्हणजे गावातल्या बायांच्या कितीतरी दिवसांची मजुरी. निंदण आणि कापणी वेगळीच. ते काम बॅटरी देत नाही. तिला दोन-चार पहारेकरी आणि तंत्रज्ञ पुरतात. ग्रामसभेत हा विषय निघाला पाहिजे.

माझे मत विचाराल तर स्पष्ट सांगतो. विजेची बोडी गावाला हवी, पण बांधी बुजवून नव्हे. सबस्टेशनपासून थोडे दूर बरडी पडलेली असेल तर तीच पुढे करा. तारेचा जादा खर्च कंपनीचा एकदाच होईल, बांधी गेली तर तुमचे नुकसान कायमचे. गाव एकमताने बसून बोलले तर मागणाऱ्यालाही ऐकावे लागते. येत्या ग्रामसभेला गावचा नकाशा घेऊन या. बरडी कुठे, कन्हार कुठे, पाण्याचा उतार कुठे, हे त्यावर आधी रंगवा आणि मगच बोलणीला बसा.