वाटीभर चवळी

यंदा भाद्रपदात आमच्या परसातल्या पायरीवर शेवाळ धरले, आणि तिच्यावरून पाय घसरून आमची मंडळी सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये गेली. एका मोडलेल्या हाडाने साऱ्या घराची चाल कशी बदलते, ते अनुभवल्यावाचून कळायचे नाही. घरात आई, सहावीतला मुलगा, अंथरुणावर ही आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मी. कादंबरीतल्या बायकांकडून मी आजवर पुष्कळ स्वयंपाक करवून घेतला होता. पण हिंगाचा डबा कोणत्या फळीवर असतो, हे मला ठाऊक नव्हते.

पहिल्याच दिवशी चवळी करायची ठरली. का, तर ती इतर कडधान्यांसारखी मोड येण्याची वाट पाहायला लावत नाही. रात्री भिजवावी, सकाळी शिजवावी. डबा उघडला तर पुष्कळ दाण्यांना भोके! मी आतल्या खोलीकडे पाहून ओरडलो.

“पाण्यात टाका,” तिकडून उत्तर आले. “तरंगतील त्या काढून टाका. बुडतील त्या आपल्या.”

बुडलेल्या मोजून वाटीभर भरल्या. सकाळी पाहतो तो त्यांच्या अडीच वाट्या झालेल्या. आमच्या तुटपुंज्या पगारात असे काही आपोआप वाढताना मी प्रथमच पाहत होतो.

कुकरच्या शिट्टीला मी भितो. (शाळेत सबंध दिवस शिट्टी माझ्याच गळ्यात असते, हा भाग निराळा.) म्हणून चवळी पातेल्यात चढवली, आणि चव आधीपासूनच मुरावी या सद्हेतूने चार आमसुले तिच्यात टाकून दिली. एक तास झाला, दीड तास झाला. दाणे फुगले, पण दाताखाली धरावेत तर कचकन वाजत. आईला तर दातच नाहीत.

“आमसुलं कधी घातलीत हो?” आतून प्रश्न आला. वासावरून ओळखले असावे.

“आधीच.”

“मग त्या आता दिवाळीला शिजतील. आंबट नेहमी मागाहून घालायचं. चिंच असो, आमसूल असो, नाहीतर टोमॅटो.”

मी खायच्या सोड्याचा उपाय सुचवला. तो तिने हाणून पाडला. सोड्याने चवळीचा लगदा होतो आणि तिच्यातले ‘ब-१’ जीवनसत्त्वही नासते. हे शास्त्र मी मुलांना वर्गात शिकवतो. स्वयंपाकघरात ते मला बायकोने शिकवले.

आता इथे आमच्या घरातला एक जुना तंटा सांगितला पाहिजे. मी मूळचा वाईचा, ही फोंड्याची, आणि संसार दापोलीत. माझ्या लेखी जी चवळी, ते हिचे ‘अळसांदे’. आमच्याकडे चवळीत गोडा मसाला आणि चिंचगूळ घातला नाही, तर पंगतीत पाहुणा रुसेल. हिच्याकडे अळसांद्यांचे ‘तोंडाक’ करतात आणि ते सकाळच्या वेळी पावाबरोबर खातात. दापोली दोघांनाही हसते. इथल्या शेतात भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर वाल आणि चवळी बिनबोभाट येतात. १९७२ साली इथे कृषी विद्यापीठ निघाले. त्याने काढलेल्या चवळीच्या एका वाणाचे नावच ‘कोकण सदाबहार’. चवळी म्हणे मूळची आफ्रिकेची. पण इतकी शतके इथे काढल्यावर तिला परकी म्हणायला माझी जीभ धजत नाही. माझ्या बायकोलाही अठरा वर्षांनंतर गल्लीत अजून ‘गोव्याची’च म्हणतात, ते सोडा.

तर दुसऱ्या आठवड्यापर्यंत कुकरशी माझा तह झाला, आणि एकदा शिजवलेल्या चवळीचे तीन प्रकार करण्यापर्यंत माझी मजल गेली. आईचा चातुर्मास, म्हणजे कांदा-लसूण वर्ज्य. तिच्यासाठी आमटी. डावभर चवळी डावाच्या पाठीनेच ठेचून रसात मिसळली की रस छान मिळून येतो, वेगळे पीठ लावावे लागत नाही. मग मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता यांची फोडणी, गोडा मसाला, आणि अगदी शेवटी चिंचगूळ. मुलाच्या डब्याला कोरडी उसळ. तिच्यात तिखट-मीठ, गुळाचा खडा आणि वरून मूठभर ओले खोबरे. पोळीच्या सुरळीतून ती सांडत नाही, ही तिची मोठी योग्यता.

तिसरा प्रकार तोंडाक. तो फक्त हिच्यासाठी. धणे, चार मिरी दाणे, दोन लवंगा, सुक्या मिरच्या, कांदा आणि ओले खोबरे तांबूस होईपर्यंत भाजायचे आणि बारीक वाटायचे. भाजताना मी दर मिनिटाला तवा उचलून आतल्या खोलीत नेई आणि विचारी, “एवढं तांबूस?” ती मान उचलून पाही आणि म्हणे, “अजून जरा.” पाचव्या खेपेला ती हसली. पाय मोडल्यापासून तिला हसताना मी पाहिले नव्हते.

पण मला सांगायचे आहे ते पहिल्याच दिवसाचे. त्या कचकचीत चवळीचे.

ती अखेर संध्याकाळी कशीबशी मऊ झाली. रोज मला वाढले जाते तशीच मी वाढली. आधी आईला, मग मुलाला, मग स्वतःच्या ताटात दोन डाव. चौथे ताट घेऊन पातेल्याशी आलो, तर तळाशी नुसते कळण. पाच-सात दाणे असतील. मी डाव फिरवून पाहिला. पातेले कलते करून पाहिले.

मग ते तसेच वाटीत ओतून आत नेले आणि ओशाळून म्हणालो, “चुकलंच माझं. सगळी संपली.”

“त्यात काय,” ती उशीला टेकून बसत म्हणाली, “मी रोज हेच तर घेते. मला कळणच आवडतं.”

हे वाक्य मी अठरा वर्षे ऐकत आलो होतो. बायकोला कळण आवडते, असे मी कोणालाही खुशाल सांगितले असते. माझ्या एका कादंबरीतल्या नायिकेलाही ते आवडते. मी आपले ताट उचलून आत आणले आणि त्यातली उसळ तिच्या वाटीत घातली. ती नको-नको म्हणाली. मग जेवू लागली. जेवताना ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

पुढे तोंडाक जमले त्या दिवशी मी दोन वाट्या चवळी भिजवली होती. वाटी संपवून तिने विचारले, “अजून आहे का हो?”

मी पातेलेच उचलून तिच्यापाशी आणून ठेवले.

प्लॅस्टर निघाले त्याला आता थोडे दिवस झाले. स्वयंपाकघर पुन्हा तिच्या ताब्यात गेले आहे. रात्री ती डब्यातून मोजून एक वाटी चवळी घेते, भिजत घालते, झाकण ठेवते आणि झोपते. मग मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठतो आणि अंधारात चाचपून आणखी एक वाटी पातेल्यात टाकतो.

सकाळी झाकण काढताना ती एवढेच म्हणते, “यंदाची चवळी फार फुगते हो.”